पांबनचा पूल : राहिलेला निबंध

डिसेंबर 1985 मधली आपली दहावीची रामेश्वर सहल आठवते ना? तेव्हा रत्नागिरीत रेल्वे नव्हती. एस.टी.ने मुंबई, मग मद्रास आणि तिथून मीटर गेजची गाडी. रामेश्वर बेटावर जायला रस्त्याचा पूलही नव्हता. तो 1988 साली झाला. मंडपम सोडल्यावर गाडी इतकी हळू झाली की डब्यातला गोंगाट आपोआप थांबला. दोन्ही खिडक्यांखाली नुसता समुद्र!

दुसऱ्या दिवशी सरांनी आपल्याला पांबनच्या किनाऱ्यावर नेले आणि नशिबाने पूल उघडताना बघायला मिळाला. परतल्यावर त्यांनी निबंध लिहायला सांगितला. मी वर्ष, लांबी, गाळे सगळे लिहिले. दहापैकी चार गुण मिळाले, खाली लाल शाईत शेरा : "माणसे कुठे आहेत?"

पुलाचे काम 1911 च्या सुमारास सुरू झाले आणि 24 फेब्रुवारी 1914 रोजी तो खुला झाला. लांबी दोन किलोमीटरहून थोडी जास्त. 2009 साली वांद्रे-वरळी सागरी सेतू होईपर्यंत भारतातला सर्वात लांब समुद्री पूल हाच होता. मद्रासहून निघालेली 'बोट मेल' याच पुलावरून धनुष्कोडीला जाई. तिथून प्रवासी बोटीने सिलोनमधल्या तलाईमन्नारला उतरत.

पण याच वाटेने जहाजेही जात. म्हणून मधला गाळा उघडणारा केला. ही रचना शिकागोच्या शेर्झर या अभियंत्याची. गाळ्याचे दोन भाग मधोमध मिळतात. प्रत्येकाची मागची बाजू गोलाकार असते. ती मागे लोळू लागली की पुढचे टोक आकाशाकडे उचलले जाते. मागे तोलाचे वजन असल्याने कमी ताकद पुरते. तरी ती ताकद माणसांचीच. दोन्ही तीरांकडच्या भागांवर कामगार लांब दांडे धरून तेलाच्या घाण्यासारखे गोल फिरत होते. आपण मोठ्याने मोजत होतो, पण पूल पूर्ण उघडायच्या आधीच आकडे चुकले. हे सगळे पाहूनही मी निबंधात त्या कामगारांबद्दल एक ओळ लिहिली नव्हती.

सरांनी तिथेच 1964 च्या वादळाची गोष्ट सांगितली होती. 22 डिसेंबरच्या रात्री धनुष्कोडीच्या जवळ आलेली पॅसेंजर गाडी लाटांनी गिळली. शंभराहून अधिक माणसे गेली. धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले, ते पुन्हा वसलेच नाही. पांबन पुलाचेही बहुतेक गर्डर वाहून गेले, पण उघडणारा गाळा जागेवर राहिला.

दुरुस्तीला सहा महिन्यांची मुदत होती, ती तीन महिन्यांवर आणली गेली. काम सोपवले ते 32 वर्षांच्या एका अभियंत्यावर. समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून पुन्हा बसवले आणि 46 दिवसांत पूल चालू झाला. रेल्वेने त्याला हजार रुपयांचे बक्षीस दिले. त्याचे नाव ई. श्रीधरन. पुढे 1990 साली कोकण रेल्वेची धुरा त्यांच्याकडेच आली. 1998 पासून आपण ज्या मार्गाने गणपतीला घरी येतो, या मेळाव्यालाही आपल्यापैकी बरेच जण ज्या मार्गाने आले, तो मार्ग त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. सहलीला गेलो तेव्हा हे कुणाला ठाऊक असणार?

डिसेंबर 2022 मध्ये जुन्या पुलावरची वाहतूक बंद झाली. 6 एप्रिल 2025 रोजी शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले. त्याचा 72.5 मीटरचा गाळा विजेच्या यंत्रांनी सरळ 17 मीटर वर उचलला जातो. हे चांगलेच झाले. उन्हात दांडे ढकलण्याचे कष्ट वाचले. पण सुमारे शंभर वर्षे ज्यांनी ते ढकलले, त्यांची नावे मला कुठल्याच पुस्तकात सापडली नाहीत.

सर, तुम्ही मेळाव्याला येणार असे कळले, म्हणून हा निबंध पुन्हा लिहिला. चाळीस वर्षे उशीर झाला आहे. उशिराचे गुण कापा, पण या वेळी माणसे आहेत.