प्रतिस्पर्ध्यास विकत घ्यावें काय?

व्यापारांत दोन पेढ्यांची चुरस विकोपास गेली, कीं बघ्यांच्या तोंडीं एक प्रश्न हटकून येतो : यांतली मोठी पेढी धाकटीस एकदांची विकत कां घेत नाहीं? भांडण मिटेल, खर्च वांचेल, गिऱ्हाइकाची दोन दारें हिंडण्याची यातायातही टळेल. कापडाच्या गिरण्यांविषयीं हा प्रश्न विचारला गेला, आगबोटींच्या कंपन्यांविषयीं विचारला गेला, आणि गेल्या पन्नास वर्षांत एका अगदीं नव्या धंद्याविषयींही तो पुनःपुन्हां विचारला गेला आहे. हा धंदा व्हिडिओ गेमचा. टेलिव्हिजनला जोडून ज्या यंत्रावर मुलें, आणि आतां मुलांचे आईबापही, खेळ खेळतात, त्यास कन्सोल म्हणतात. एका कन्सोलच्या कारखानदारानें दुसऱ्यास विकत घ्यावें काय, याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे. खेळण्याची गोष्ट म्हणून हा विषय हलका समजण्याचें कारण नाहीं. या धंद्यांत कोट्यवधि डॉलरांची उलाढाल चालते. आणि आपल्या घरांतील मुलांच्या मोकळ्या वेळावर कोणाची कल्पना राज्य करणार, हेंही त्यांतच ठरत असतें.

या धंद्याची एक खुबी प्रथम लक्षांत घेतली पाहिजे. ग्रामोफोनची तबकडी कोणत्या कारखान्याची आहे हें सहसा कोणी पाहत नसे. ती घरच्या यंत्रावर वाजे. कन्सोलचें तसें नाहीं. एकाच्या यंत्रासाठीं रचलेला खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर चालत नाहीं. यंत्र बहुधा बेताच्या नफ्यानें, प्रसंगीं तोटा सोसूनही, विकलें जातें, आणि खरी कमाई होते ती खेळांच्या विक्रींतून. त्यामुळें लोकांस हवाहवासा वाटणारा खेळ ज्याच्या घरचा, त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागते. प्रतिस्पर्ध्याची कंपनी विकत घेण्याचा मोह होतो तो या खेळांसाठींच. परंतु कंपनी विकत घेतली म्हणजे खेळ रचणारा हातही विकत मिळतो काय?

याचें पहिलें उत्तर अमेरिकेंत मिळालें. नोलन बुशनेल व टेड डॅबनी यांनीं १९७२ सालीं कॅलिफोर्नियांत अटारी ही कंपनी काढली. नवीन घरगुती यंत्र बाजारांत आणण्याइतकें भांडवल तिच्या गांठीं नव्हतें. म्हणून १९७६ सालीं ती वॉर्नर कम्युनिकेशन्स या धनाढ्य संस्थेस सुमारें २ कोटि ८० लाख डॉलरांस विकण्यांत आली. वॉर्नर ही अटारीची प्रतिस्पर्धी नव्हती. चित्रपट आणि गाण्यांच्या तबकड्या हा तिचा व्यवसाय. तरी खरेदीचा धडा येथेंच सांपडतो. वॉर्नरच्या पैशानें १९७७ सालीं अटारीचें प्रसिद्ध यंत्र दुकानांत आलें आणि पुढें त्यानें अमाप पैसा मिळवून दिला. तेवढ्यापुरता सौदा सफळ झाला. पण नव्या मालकांस कारखाना समजला, कारागीर समजला नाहीं. खेळ रचणाऱ्यांस ना वेष्टनावर नांव मिळे, ना विक्रींत वांटा. तेव्हां डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, लॅरी कॅप्लन व बॉब व्हाइटहेड हे चार निपुण रचनाकार अटारींतून बाहेर पडले, आणि १९७९ सालीं ॲक्टिव्हिजन ही नवी कंपनी उभी राहिली. अटारीच्याच यंत्रावर चालणारे खेळ ते आपल्या नांवानें विकूं लागले. १९८३ सालीं निकृष्ट खेळांचा पूर येऊन अमेरिकेंतील हा सारा बाजारच कोसळला. अटारीपायीं वॉर्नरला त्या एका वर्षांत ५० कोटि डॉलरांहून अधिक खोट आली, आणि १९८४ सालीं अटारीचा घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएल यांस विकून ती मोकळी झाली. बाजार कोसळण्याचीं कारणें अनेक होतीं. सगळा दोष त्या खरेदीवर ढकलणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु तानपुरा विकत मिळतो, गळा मिळत नाहीं, ही गोष्ट वॉर्नरला फार महाग पडून कळली.

अमेरिकेंत ही पडझड चालूं असतां जपानांत दोन नवे प्रतिस्पर्धी उभे राहत होते. क्योतो शहरांतील निन्टेन्डो ही १८८९ सालीं हानाफुदा नांवाचे पत्ते करण्यासाठीं स्थापन झालेली जुनी पेढी. तोक्यो येथील सेगा ही नाणें टाकून खेळावयाच्या यंत्रांत मुरलेली कंपनी. योगायोग असा, कीं १५ जुलै १९८३ या एकाच दिवशीं दोघींनीं आपापलें घरगुती यंत्र जपानच्या बाजारांत आणलें. निन्टेन्डोचा फॅमिकॉम विजयी झाला आणि त्यावरील मारिओ हा मिशीवाला प्लंबर जगभर पोंचला. आपल्याकडेही १९९० नंतरच्या दशकांत फॅमिकॉमच्या नकला घरोघर आल्या. मारिओ कोणत्या कंपनीचा हें ठाऊक नसलेल्या मुलांसही मारिओ ठाऊक होता. सेगानें हार मानली नाहीं. १९९१ सालीं तिनें सॉनिक नांवाचा निळा, भरधांव धांवणारा साळिंदरासारखा प्राणी पुढें आणला, आणि अमेरिकेंत निन्टेन्डोची मक्तेदारी हालवून सोडली. एकाचा डाव दुसऱ्यास नवा डाव शिकवी. त्या दशकांतील खेळांस आजही चाहते आहेत, याचें पुष्कळसें श्रेय या चुरशीकडेच जातें.

पुढें सोनी या तिसऱ्या बलाढ्य कंपनीनें १९९४ सालीं प्लेस्टेशन हें यंत्र काढलें आणि सेगाचे दिवस फिरले. १९९८ सालीं तिनें ड्रीमकास्ट हें कौतुकास्पद यंत्र जपानांत आणलें. पण मार्च २००० मध्यें सोनीचें दुसरें प्लेस्टेशन आलें आणि ड्रीमकास्टचा टिकाव लागेना. अशा वेळीं, २७ डिसेंबर २००० रोजीं, निन्टेन्डो सेगाला सुमारें २ अब्ज डॉलरांस विकत घेण्याच्या बेतांत असल्याची बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें छापली. दोन्ही कंपन्यांनीं ती तत्काळ नाकारली. ३१ जानेवारी २००१ रोजीं सेगानें जाहीर केलें, कीं यापुढें आपण यंत्रें करणार नाहीं, खेळ मात्र सर्वांच्या यंत्रांसाठीं करूं. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनीं कंपनीकडील आपलें कर्ज माफ केलें, सुमारें ६९.५ कोटि डॉलर किंमतीचे आपले शेअर्स तिला देऊन टाकले, आणि मार्च महिन्यांत ते निवर्तले. कंपनी तरली ती प्रतिस्पर्ध्याच्या पैशानें नव्हे. घरच्याच वृद्ध धन्याच्या त्यागानें.

समजा, तो सौदा खरोखर झाला असता तर? निन्टेन्डोस सॉनिक मिळाला असता, हें खरें. परंतु तो तिला तसाही मिळालाच. डिसेंबर २००१ मध्यें सॉनिकचे खेळ निन्टेन्डोच्या यंत्रांवर अवतरले. २००२ सालीं सेगाचे खेळ सोनीच्या आणि मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांवरही खेळले जात होते. एका मालकाच्या कोठारांत ते बंद झाले असते, तर त्या घरांतील मुलांस ते मिळाले असते असें मानण्यास आधार नाहीं. २००३ सालीं तर निन्टेन्डोनें आपल्या एफ-झीरो या शर्यतीच्या खेळाची नवी आवृत्ति सेगाच्याच एका मंडळाकडून करवून घेतली, आणि २००७ सालीं मारिओ व सॉनिक हे जुने वैरी ऑलिंपिकवरील एका खेळांत एकत्र उतरले. कौशल्य हवें होतें, तें करारानें मिळालें. त्यासाठीं घरदार विकत घ्यावें लागलें नाहीं. २००४ सालीं सेगा ही सॅमी या कंपनीशीं एक झाली, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु सॅमीचा धंदा पाचिंको यंत्रांचा होता, कन्सोलचा नव्हे. त्यामुळें सेगाचे खेळ एकाच यंत्राला बांधून ठेवण्यांत तिचा कांहींच स्वार्थ नव्हता.

आतां तिसरें प्रकरण पाहूं. तें सर्वांत बोधप्रद आहे. मायक्रोसॉफ्टनें एक्सबॉक्स हें यंत्र काढण्याचें ठरविलें, तेव्हां निन्टेन्डोलाच विकत घेतां येईल काय, याची तिनें चांचपणी केली. तिच्या तेव्हांच्या अधिकाऱ्यांनीं २०२१ सालीं ही हकीकत सांगितली. जानेवारी २००० मध्यें निन्टेन्डोचे प्रतिनिधि मायक्रोसॉफ्टच्या कचेरींत आलेही होते. त्यांच्यापुढें मांडणी अशी होती, कीं तुमचे खेळ उत्तम, पण यंत्रें सोनीच्या मानानें दुबळीं. तेव्हां यंत्र आम्हांवर सोंपवा आणि खेळ तुम्ही करा. विक्रीची सूचना निन्टेन्डोच्या मंडळींनीं हंसण्यावारी नेली, आणि सहकार्याचें बोलणेंही फळास आलें नाहीं.

कागदावर मायक्रोसॉफ्टचा हिशेब चुकीचा नव्हता. परंतु ज्या कंपनीस यंत्रें सोडून देण्याचा सल्ला मिळाला होता, तिनें २००४ सालीं डीएस हें दोन पडद्यांचें हातांतलें यंत्र काढलें. त्याचे १५ कोटींवर नग खपले. २००६ सालीं तिनें वी हें यंत्र काढलें. त्यांत हातांतली कांडी हलवून टेनिस खेळतां येई, आणि आजीआजोबाही नातवंडांबरोबर खेळूं लागले. त्याचे १० कोटींवर नग गेले. हीं यंत्रें शक्तीनें प्रतिस्पर्ध्यांपेक्षां दुबळींच होतीं. त्यांचें बळ होतें तें खेळ आणि यंत्र एकाच घरांत, एकमेकांकडे पाहून घडविण्याच्या रीतींत. सौदा झाला असता तर हीच रीत पहिल्या दिवशीं मोडली असती. म्हणजे ज्या गुणासाठीं कंपनी घ्यावयाची, तोच गुण खरेदीच्या कागदावर सही होतांच नाहींसा व्हावयाचा!

यश निन्टेन्डोच्या पाचवीस पुजलें होतें असें मात्र नव्हे. २०१२ सालचें तिचें वी यू हें यंत्र पडलें. जेमतेम १ कोटि ३५ लाख नग खपले. २०१४ सालीं अध्यक्ष सातोरु इवाता यांनीं पांच महिन्यांपुरता स्वतःचा पगार निम्मा केला. आतां तरी यंत्रें सोडा, असा उपदेश तेव्हां चोहोंकडून झाला. तो न ऐकतां कंपनीनें मार्च २०१७ मध्यें स्विच हें यंत्र आणलें, आणि त्याचा खप पुढें १५ कोटींच्या वर गेला. इवाता २०१५ सालींच वारले होते. तें यश पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. गंमत अशी, कीं ऑगस्ट २०२० मध्यें, स्विचचे ६ कोटींहून अधिक नग विकले गेले असतां, एक्सबॉक्सचे तेव्हांचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनीं आपल्या सहकाऱ्यांस लिहिलें, कीं निन्टेन्डो मिळणें हा आपल्या कारकीर्दीचा मोठा क्षण ठरेल, आणि तिचें भवितव्य तिच्या यंत्रांबाहेर आहे हें तिला उमजण्यास वेळ लागत आहे. बळजबरीची खरेदी योग्य नव्हे, हेंही त्यांनीं त्याच पत्रांत मान्य केलें होतें. एका खटल्याच्या निमित्तानें हें पत्र २०२३ सालीं उजेडांत आलें. वीस वर्षें लोटलीं, तरी विकत घेऊं पाहणाऱ्याचा समज तोच राहिला.

असें असलें तरी प्रत्येक खरेदी वाईटच, असें म्हणणें एकांगीपणाचें होईल. मे २०२४ मध्यें अटारी हें नांव चालविणाऱ्या आजच्या कंपनीनें इंटेलिव्हिजन या नांवाचे आणि त्याच्या दोनशेंहून अधिक खेळांचे हक्क विकत घेतले. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचें हें यंत्र १९८० च्या सुमारास अटारीचें कट्टर प्रतिस्पर्धी होतें. त्या भांडणांतले दोन्ही मूळ पक्ष केव्हांच मैदानाबाहेर गेले होते. उरले होते ते खेळ. जुने खेळ हे जुन्या चित्रपटांच्या फितींप्रमाणें असतात. कोणी वाली नसेल तर ते हक्कांच्या गुंत्यांत अडकून नाहींसे होतात. अशा खरेदीनें स्पर्धेस धक्का बसत नाहीं, आणि ठेवा वांचण्याची आशा निर्माण होते. मात्र घेणाऱ्यानें तो पेटींत कुलूपबंद न ठेवतां लोकांपुढें आणला पाहिजे.

या साऱ्या इतिहासावरून माझें मत असें झालें आहे, कीं प्रतिस्पर्धी जिवंत असेल, स्वतःच्या बुद्धीनें नवें कांहीं घडवीत असेल, तर त्यास विकत घेऊं नये. तसें करणें गिऱ्हाइकास घातक आहेच, पण घेणाऱ्यासही तें तोट्याचें आहे. त्याचें कौशल्य हवें असेल तर करार करावा, काम द्यावें, कारागिरास नांव व वांटा द्यावा. पैसा कोणाजवळ किती आहे, यावर हा प्रश्न सोडवूं नये. ॲक्टिव्हिजनचीच गोष्ट घ्या. मालकावर रुसून बाहेर पडलेल्या चौघांनीं उभारलेली ती कंपनी पुढें ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ती सुमारें ६,८७० कोटि डॉलरांस विकत घेतली. अटारीसाठीं वॉर्नरनें दिलेल्या रकमेशीं ही ताडून पाहिली, तर तो धंदा किती वाढला हें कळतें. वॉर्नरनें जी चूक २ कोटि ८० लाखांत केली, ती इतक्या मोठ्या रकमेंत पुन्हां होऊं नये, यासाठीं नव्या धन्यानें हिशेबाच्या वह्यांआधीं खेळ रचणाऱ्या माणसांची विचारपूस करावी.