केल्टिक भाषा व साहित्य : पदव्युत्तर अध्ययन

वेल्श, ब्रेटन, कॉर्निश आणि आयरिश, स्कॉटिश गेलिक, मँक्स या दोन उपशाखांतील भाषांचा व त्यांच्या वाङ्मयाचा उच्च अभ्यास. योहान कास्पार त्सॉइस या जर्मन पंडिताच्या ‘ग्रामातिका केल्टिका’ (१८५३) या ग्रंथाने त्याला शास्त्रीय पाया मिळाला. ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजात १८७७ मध्ये केल्टिकचे अध्यासन निघाले. जॉन ऱ्हीस हे पहिले प्राध्यापक. डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेत १९४० पासून केल्टिक विभाग आहे.

नवख्याची खरी कसोटी शब्दारंभी लागते. मराठीत सामान्यरूप शब्दाच्या शेवटी होते. वेल्शमध्ये आरंभीचे व्यंजन पालटते. ‘काथ’ म्हणजे मांजर. ‘त्याची’ व ‘तिची’ यांना वेल्शमध्ये ‘इ’ हा एकच शब्द. पण ‘इ गाथ’ म्हणजे त्याची मांजर आणि ‘इ खाथ’ म्हणजे तिची. शब्दकोशात मात्र दोन्ही ‘क’खालीच शोधावे लागतात. हे अंगवळणी पडल्याशिवाय मध्ययुगीन काव्य हाती घेण्यात अर्थ नाही.

संशोधकांना ॲबरिस्टविथ विशेष मोलाचे. तेथील विद्यापीठ १८७२ मध्ये सुरू झाले. जवळच्याच टेकडीवर वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे. तेराव्या शतकाच्या मध्यात लिहिलेले ‘कारमार्थनचे काळे पुस्तक’ हे वेल्श काव्याचे अनमोल हस्तलिखित तेथेच जपले आहे. छापील आवृत्तीवर न विसंबता मूळ अक्षरवाटिका वाचता येणे, हा या अभ्यासाचा गाभा होय. वेल्श आजही घरात व शाळेत बोलली जाते, त्यामुळे जुन्या पाठाचा उच्चार जिवंत भाषेशी ताडता येतो.