शेंग लाँगला कोणी पाहिलं होतं?

व्हिडिओ गेममध्ये 'बॉस' म्हणजे शेवटी वाट अडवून उभा असलेला तगडा शत्रू. लपलेला बॉस त्याच्याही पलीकडचा. काही विचित्र अटी पाळल्या तरच तो समोर येतो, नाहीतर गेम संपला तरी तो आत होता हे तुम्हाला कळतही नाही. आज अशाच एका बॉसचा इतिहास सांगणार आहे. तो गेममध्ये नव्हताच, पण तो नाही हे सिद्ध करणं महाकठीण होऊन बसलं. पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांनी रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकातलं 'पुनरावृत्तीक्षमता' हे प्रकरण वाचण्याआधी हे वाचावं, असं माझं मत आहे.

१९९१ साली कॅपकॉम या जपानी कंपनीचा 'स्ट्रीट फायटर टू' आर्केडमध्ये आला. त्यात र्‍यू नावाचा लढवय्या जिंकला की हरलेल्याला डिवचणारं एक वाक्य पडद्यावर येई. मूळ जपानी वाक्याचा अर्थ साधारण असा, की माझा शोर्‍यूकेन मोडून काढल्याशिवाय तुला जिंकायची आशा नाही. शोर्‍यूकेन हा र्‍यूचा उडी मारत वर जाणारा ठोसा. पण त्यातल्या 'वर चढणारा ड्रॅगन' या दोन चिन्हांचा जपानी उच्चार 'शोर्‍यू', तर चिनी उच्चार 'शेंग लाँग'. इंग्रजी आवृत्तीत चिनी उच्चार गेला आणि ठोशाचा झाला माणूस! आता वाक्य म्हणत होतं की आधी शेंग लाँगला हरव. अमेरिकेतल्या पोरांना साहजिकच प्रश्न पडला, हा शेंग लाँग आहे कोण आणि भेटतो कुठे?

उत्तर दिलं 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या अमेरिकन मासिकाने, एप्रिल १९९२ च्या अंकात. (महिना लक्षात ठेवा.) र्‍यू घेऊन खेळा, शेवटचा बॉस एम. बायसन येईपर्यंत एकही फटका खाऊ नका. मग बायसनला मारू नका आणि त्याचाही मार खाऊ नका, वेळ संपू द्या, अशा दहा फेऱ्या बरोबरीत सोडवा. मग शेंग लाँग येईल, बायसनला बाजूला फेकेल आणि तुमच्याशी लढेल. सोबत पडद्याचे फोटोही होते, अर्थात बनावट.

आता गणित करू. बायसनच्या आधी दहा प्रतिस्पर्धी, प्रत्येकाशी किमान दोन फेऱ्या, म्हणजे वीस फेऱ्या एकही फटका न खाता. एक फेरी अशी निष्कलंक जिंकण्याची तुमची शक्यता ०.५ धरली, तर वीसच्या वीस साधण्याची शक्यता दहा लाखांत साधारण एक. तुम्ही जबरदस्त खेळाडू आहात आणि शक्यता ०.९ आहे असं धरलं तरी शंभरात बाराच वेळा बायसनपर्यंत पोहोचाल. त्यावर पुन्हा त्या दहा बरोबऱ्या आहेतच. आणि प्रत्येक प्रयत्नाला खिशातलं नाणं जाणार ते वेगळंच.

या थट्टेची खरी ताकद इथे आहे. कृती स्पष्ट होती, पायरीपायरीने लिहिलेली होती, कागदावर पाहिलं तर तपासता येण्याजोगीही होती. पण तपासणाऱ्याला ती पूर्णच करता येत नव्हती. शेंग लाँग आला नाही तर दोष दाव्याचा की तुमच्या हाताचा? 'नवव्या फेरीत एक फटका लागला असेल' एवढं म्हटलं की दावा पुन्हा शाबूत. लॅबमध्ये 'तुमच्याकडे होत नाही म्हणजे तुमचंच तंत्र कच्चं' हे वाक्य ऐकलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. अपयशाचं कारण कायम प्रयोग करणाऱ्याकडेच ढकलता येत असेल, तर तो दावा तपासण्यासाठी मांडलेलाच नाही असं मी धरून चालते.

मासिकाने स्वतःच खूण सोडली होती हे विशेष. माहिती पाठवणाऱ्याचं नाव छापलं होतं डब्ल्यू. ए. स्टोकिन्स, गाव फुल्डिजेन, राज्य 'एचए'. गावाचं नाव मोठ्याने म्हणून बघा, इंग्रजीत 'फूल्ड अगेन' ऐकू येतं, म्हणजे पुन्हा फसलात. आणि एचए या संक्षेपाचं राज्य अमेरिकेत नाहीच. पण कृती वाचण्याच्या घाईत स्रोताची ओळ कोण वाचतं? इतर प्रकाशनांनीही पडताळणी न करता ती माहिती पुढे छापली. मासिकाने थट्टा कबूल केली ती त्याच वर्षीच्या डिसेंबर अंकात.

मग लोकांना भोळसट म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. कारण त्याच वर्षी आलेल्या 'मॉर्टल कॉम्बॅट'मध्ये याहून कमी विचित्र नसलेली कृती खरी निघाली. 'पिट' नावाच्या पुलावर लढायचं, चंद्रासमोरून एखादी आकृती उडत जात असली पाहिजे, दोन्ही फेऱ्या फटका न खाता जिंकायच्या, एकदाही ब्लॉकचं बटण दाबायचं नाही आणि शेवट 'फेटॅलिटी'ने करायचा. मग पुलाखालच्या तळाशी हिरवा निंजा रेप्टाइल भेटतो. हा खरंच भेटायचा, आणि तो स्वतःच अधूनमधून पडद्यावर येऊन सूचनाही द्यायचा. म्हणजे विचित्र अटी हा खोटेपणाचा पुरावा ठरत नव्हता.

त्याच गेमने उलटं उदाहरणही दिलं. मशीनच्या मालकासाठी आत आकडेवारीचा एक पडदा असे, किती डाव झाले, किती वेळा काय घडलं वगैरे. त्यात रेप्टाइलच्या नोंदींच्या आसपास 'एर्मॅक्स' अशी ओळ होती. लोकांनी निष्कर्ष काढला की हा आणखी एक लपलेला लढवय्या. प्रत्यक्षात ते प्रोग्रॅमर एड बून यांचं 'एरर मॅक्रो'साठीचं लघुरूप होतं, चुका मोजणारा निव्वळ एक काउंटर. इथे डेटा खरा होता, फक्त कॉलमच्या नावाचा अर्थ वाचणाऱ्यांनी मनाने लावला.

शेंग लाँगचा वाद आज कसा मिटवता येतो, तर खेळून नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये मेम हा एम्युलेटर आला आणि जुन्या आर्केड मशीनच्या चिपमधला मजकूर संगणकावर चालवणं, उलगडून पाहणं शक्य झालं. चिपमधली माहिती मर्यादित असते, ती शेवटपर्यंत तपासता येते. म्हणून इथे 'नाही' हे ठामपणे म्हणता येतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या विषयात ही चैन नाही. एखादा रेणू, एखादी प्रजाती 'नाही' असं म्हणताना आपण फक्त किती शोधलं आणि कसं शोधलं एवढंच सांगू शकतो. म्हणून नकारात्मक निकाल लिहिताना प्रयत्नांची संख्या आणि परिस्थिती लिहिणं टाळू नका.

बॉसचं पुढे काय झालं ते राहिलं. १९९४ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर टू टर्बो'मध्ये कॅपकॉमने खराखुरा लपलेला बॉस टाकला, अकुमा. कन्टिन्यू न वापरता, वेळ-गुणांच्या अटी पाळत शेवटपर्यंत गेलात तर तो धावत येतो, बायसनचा क्षणात निकाल लावतो आणि मग तुमच्याकडे वळतो. १९९२ ची थट्टा शेजारी ठेवून वाचा, प्रवेश जवळजवळ तोच. एर्मॅकही १९९५ च्या 'अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट थ्री'मध्ये लाल निंजा म्हणून अवतरला. र्‍यूच्या गुरूला गौकेन हे नाव मिळालं, तो अकुमाचा थोरला भाऊ ठरला, आणि 'स्ट्रीट फायटर फोर'च्या २००९ च्या घरगुती आवृत्तीत लपलेला प्रतिस्पर्धी म्हणून समोर आला. एकही फेरी न हरता, वर काही फेऱ्या निष्कलंक जिंकून दाखवल्या की तो खरोखर भेटायचा.