बुद्धमूर्तीचा वाद आणि बल भिक्षू

भारहूत व सांची येथील प्राचीन शिल्पांत बुद्ध मनुष्यरूपाने आढळत नाही. त्याच्या जागी पदचिन्हे, बोधिवृक्ष, रिकामे आसन एवढेच. पुढे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत मूर्ती सर्वत्र दिसू लागली, ती गांधारात आणि मथुरेतही. मग मान कोणाचा? फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे यांनी १९०५ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तो ग्रीक परंपरेस दिला. आनंद कुमारस्वामींनी १९२७ साली मथुरेचा पक्ष मांडला. या वादात दोन्हीकडून अभिमानाची भर बरीच पडली, असे आम्हांस वाटते.

गांधाराचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. करड्या शिस्ट दगडातील ते लहरदार केस, दोन्ही खांदे झाकणारे जाड चुणीदार वस्त्र पाहून रोमन पुतळेच आठवतात. बुद्धाचा पाठीराखा वज्रपाणी तर काही ठिकाणी चक्क हेराक्लीझ होऊन, सिंहाचे कातडे पांघरून उभा. हातातला सोटा जाऊन वज्र आले, इतकेच!

परंतु सारनाथच्या संग्रहालयातील तांबड्या वालुकाश्माची प्रचंड मूर्ती पाहावी. ती मथुरेची घडण. उजवा खांदा उघडा, डावी मूठ कमरेवर, पायांमध्ये सिंह. हा देह ग्रीकांचा नव्हे. पारखमच्या यक्षाच्या कुळातला आहे. वरचा लेखही वाचण्याजोगा : कनिष्काचे ३ रे वर्ष, हेमंताचा ३ रा महिना, २२ वा दिवस, दाता त्रिपिटकवेत्ता बल भिक्षू. आम्हां कारकुनी पेशातल्यांना अशी चोख नोंद पाहून धन्य वाटते. गंमत अशी की, या लेखात मूर्तीस 'बुद्ध' न म्हणता 'बोधिसत्त्व' म्हटले आहे. रूप घडले, पण नाव घेताना जुना संकोच उरला असावा. शिवाय दानाच्या पुण्यात भागीदार कोण, तर महाक्षत्रप खरपल्लान आणि क्षत्रप वनस्पर. क्षत्रप ही पदवीच मुळी इराणी, आणि राजा मध्य आशियातून आलेल्या कुशाणांचा! म्हणजे 'स्वदेशी' म्हणून जिची साक्ष काढावी, ती मूर्तीही परक्यांच्या राज्यातच उभी राहिली. मूर्तीची ओढ मात्र इथल्याच भक्तीतून आली, असे आमचे मत आहे. ती तहान कोणी बाहेरून आणून दिली नाही.

उसने घेतलेल्याचे पुढे काय झाले, हे वस्त्रावरून कळते. गुप्तकाळी मथुरेच्या शिल्पींनी झाकलेले खांदे आणि चुण्या ठेवल्या, पण चुण्या दोऱ्यांइतक्या बारीक केल्या आणि झिरझिरीत वस्त्रातून अंग दिसू दिले. पाचव्या शतकात सारनाथच्या कारागिरांनी त्या चुण्याही पुसून टाकल्या; गळ्याशी आणि पायांशी काठाची रेघ तेवढी राखली.