कुलपातली खेळणी



आपल्या हिंगोली जिल्ह्यात बचत गटाची बैठक कधी कधी अंगणवाडीच्या खोलीतच भरते. अशाच एका गावी आम्ही पाहिलं, खेळण्यांची पेटी कुलपात होती. विचारलं, तर म्हणाल्या, "लेकरं मोडतात." आम्हीही मान डोलावली. घरी नवी रंगपेटी आपणही वरच्या फळीवर ठेवतोच की!

पण अंगणवाडी कुठून आली, हे वाचल्यावर आमचं मत बदललं.

ताराबाई मोडक यांनी आधी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचं काम केलं होतं. इटलीच्या मारिया माँटेसरी यांची पद्धत त्यांनी अभ्यासली होती. त्या पद्धतीत साधनं लेकराच्या हाताला येतील अशी मांडतात. प्रत्येक साधन एकेकच. लेकरानं ते स्वतः आणायचं, काम झालं की जागेवर ठेवायचं. दुसऱ्यानं तोवर थांबायचं.

1945 साली ताराबाईंनी बोर्डी गावात काम सुरू केलं. हे गाव आज पालघर जिल्ह्यात आहे. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? मग चिंचोके, शिंपले, खडे, बिया, पानं यांचीच साधनं झाली. लेकरं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढं कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी लेकरांसाठी काम वाढलं, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. 1975 साली सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

आता सांगा, चिंचोक्याला मोल ते काय? पण लेकरानं स्वतः वेचला, धुतला, मोजला, की तो त्याचा होतो. मग एक जरी हरवला, तरी ते शोधत बसतं.

दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढून पूजा करतो. पुस्तकाला पाय लागला तर पाया पडायला शिकवतो. ते चांगलंच आहे. पण वस्तू जपणं हे हाताचं वळण आहे, आणि वस्तू हातात दिल्याशिवाय ते लागत नाही. एखादी मोडेल. तेव्हा रागावण्याऐवजी सोबत बसून चिकटवू या.

म्हणून आमच्या बैठकीत ठरलं, अंगणवाडीत ताईंना विचारून हाताला येईल अशी एक फळी लावायची. वर डब्यांत चिंचोके, तुरीचे दाणे, खडे. लेकरू ते नाका-तोंडात घालू नये म्हणून मोठ्या माणसानं जवळ बसायचं. आणि उठताना सगळ्यांनी मिळून डबे जागेवर ठेवायचे.

कुलूप तेवढं काढू या, बायांनो.