मांडवातला दिवा

वांद्र्याच्या बाजारगर्दीतून एखाद्या गल्लीत वळावे, तर मोठमोठ्या इमारतींच्या पायाशी अजून जुनी गावठाणे भेटतात. पाली, चिंबई, रणवार ही त्यांतलीच. लाकडी जिने, कौलारू छपरे आणि घरामागे हातभर का होईना, पण परसू! अशाच एका परसात, गेल्या वसुबारसेच्या संध्याकाळी, आमच्या एका स्नेह्याकडे आम्ही बसलो होतो. परसात चार खांबांचा एक लहानसा मांडव आहे. घरातली तरुण मंडळी त्याला 'गॅझिबो' म्हणतात. आम्ही आपले मांडवच म्हणतो. नातवंडांनी त्यात विजेच्या माळा चढविल्या होत्या आणि त्या लावायच्या आधी शेजारच्या वायरमनला सहज दाखवून घ्याव्यात, असे ठरले होते.

तो आला, मान वर करून क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, हे दिवे कशाला टांगलेत? मांडवाला की वायरीला?"

स्नेही हसून म्हणाले, "अरे, दोन्ही एकच की!"

"एक कसे, काका? वायर वीज न्यायला असते. भार उचलायला दुसरे काहीतरी लागते."

माळा उतरल्या, पुन्हा चढल्या. आमच्या मनात मात्र तो प्रश्न घर करून राहिला. दिवा टांगायचा तो कशाला? वाचकहो, माणसाने दिवा जमिनीवरून उचलून डोक्यावर नेला, त्या दिवसापासून हाच प्रश्न त्याच्या मागे लागलेला आहे.

आपल्या देवघरातला लामणदिवा पाहा. तेलवात एका भांड्यात आणि भार सगळा पितळी साखळीवर. साखळीची कडी जुने लोक तुळईत बसवीत; छताच्या फळीत बसवीत नसत. वाड्यांतल्या बिलोरी हंड्यांवर काचेची एक छोटी टोपी टांगलेली असे. ती शोभेची वाटे. पण काजळी आणि धग छताला लागू नये, हे तिचे खरे काम. कार्तिकातला आकाशदिवा तर उंच वेळूवर चढे. तो दोरीने खाली घेता येई, म्हणून तेल घालायला कोणाला वर चढावे लागत नसे. कंदील हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला आणि त्याचे मूळ लॅटिनपर्यंत पोचते. परंतु कामट्यांचा सांगाडा, पतंगाचा कागद आणि मध्यभागी बेताने ठेवलेली पणती ही कारागिरी मात्र आपल्या घराघरांतली. कागद आणि ज्योत यांच्यात चार बोटे अंतर राखणे, ही या कलेतली पहिली अक्कल!

आता वांद्र्याकडे वळू. 1845 साली माहीमचा बांध झाला. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली आणि वांद्रे मुंबईला जोडले गेले. 1867 साली विरारहून मुंबईला लोकल गाडी सुरू झाली, तिचा थांबा वांद्र्याला होता. तोवर मुंबई शहरातल्या काही रस्त्यांवर, 1865 पासून, गॅसचे दिवे लागू लागले होते. खाडीच्या अलीकडच्या वांद्र्यात मात्र तेल आणि मेणबत्त्या. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेला डोंगरावर आजही मेणबत्त्यांचे ढीग विकायला बसतात. ईस्ट इंडियन घरांत लग्नाआधी अंगणात मांडव पडे. तिथे पुढे किटसनची आणि पेट्रोमॅक्सची बत्ती आली. उजेड झगझगीत, पण धगही तशीच! वाळल्या झावळ्यांखाली ती टांगणे म्हणजे विस्तवाशी खेळ.

वीज कधी आली? 1882 साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले; पण ती कंपनी वर्षभरातच बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या उजेडात आली. गंमत अशी, की त्याच 1882 च्या नाताळात न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातल्या झाडावर ऐंशी रंगीत विजेचे दिवे गुंफले. आजच्या आपल्या माळांची ती पणजी! मुंबई शहराला नियमित वीज मिळू लागली ती 1905 नंतर. उपनगरांसाठी वेगळी कंपनी निघाली ती 1929 साली. 1950 साली वांद्रे बृहन्मुंबईत आले, पण विजेची ती जुनी सीमा पुसली नाही. माहीमला बेस्टची वीज आणि खाडी ओलांडून वांद्र्याला आले की दुसऱ्या कंपनीची, अशी वाटणी अजून चालू आहे.

विजेच्या दिव्याला ज्योत नाही, धूर नाही. म्हणून माणूस निर्धास्त झाला. इथेच तो फसला. जुन्या रंगीत माळेत लहान लहान दिवे एकापुढे एक ओवलेले असत. एक गेला की सगळी माळ विझे. मुले मग एकेक दिवा उपटून दोषी कोण ते शोधीत. पण माळ अंधारली तरी प्लग भिंतीत असेतो वीज तिच्यात असतेच. रिकाम्या झालेल्या त्या एका जागेत घरातल्या विजेचा सगळा 230 व्होल्टचा दाब बोटाची वाट पाहत असतो. दिव्याला हात लावण्यापूर्वी प्लगच काढायचा. नुसत्या बटणावर भरवसा ठेवायचा नाही.

मांडवाची आगही आपण पाहिली आहे. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवाली गावी शाळेच्या समारंभात विजेच्या ठिणगीने कृत्रिम कापडाचा मंडप पेटला. चारशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांत बहुतेक मुले होती. सणाच्या दिवशी अशी आठवण काढू नये म्हणतात. पण मंडपात वीज नेताना ती न काढणे अधिक अशुभ होय.

आमच्या वायरमनने त्या संध्याकाळी काय केले, ते सांगतो. दोन खांबांना आट्यांचे स्टीलचे हुक बसविले, कारण वांद्र्याच्या खाऱ्या वाऱ्यात साधा खिळा दोन पावसाळ्यांत गंजून जातो. हुकांमध्ये जस्ताच्या मुलाम्याची तार ताणली आणि माळ त्या तारेला ठिकठिकाणी सैल बांधली. वायरीवर खिळा ठोकला नाही. प्लगपाशी वायरीला खाली पोट दिले. अवकाळी सर आलीच, तर पाणी त्या पोटावरून जमिनीवर ठिबकावे, प्लगात जाऊ नये. माळा उघड्यावर लावण्याजोग्या आहेत का, हे खोक्यावर पाहिले. एल.ई.डी.च्या 12 व्होल्टच्या माळा निवडल्या आणि त्यांचा अडॅप्टर घरात, कोरड्या जागी ठेवला. शेवटी मुख्य पेटीतले गळती-संरक्षक बटण दाबून पाहिले. जमिनीकडे गळणारा प्रवाह 30 मिलिअँपिअरला पोचण्याआधीच ते वीज तोडते. माणूस वाचायला ते पुरे.

"झाले, काका," तो शिडीवरून उतरत म्हणाला. "आता वारा आला, तर तार झुलेल. माळेला ओढ बसणार नाही."

दिवे लागले. नातीने मांडवाच्या मधोमध आपला कागदी आकाशकंदील दोरीने वर चढविला. त्यात आता पणती नव्हती, इवलासा दिवा होता. पण दोरी तीच होती, खाली घेता येणारी. आजी ओसरीवरून म्हणाली, "झोपताना खाली घे गं, आणि विझव."

लामणदिव्याची साखळी ज्यांनी तुळईत बसविली, त्यांनीही घरातल्या पोरांना हेच सांगितले असेल.