भिंतीविना तुरुंग

शिक्षा म्हणजे गजाआड कोंडणे, हे समीकरण आपल्या लोकमानसात घट्ट बसले आहे. पण औंध संस्थानाने 1939 मध्येच ते मोडले. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी मूळच्या पोलंडच्या मॉरिस फ्रिडमन यांच्या प्रेरणेने आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसवले. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे तटबंदीविना राहिले, शेती करू लागले, पुढे बायकामुलांसह नांदले. ही वसाहत संस्थान विलीन झाल्यावरही टिकली, हा माझ्या मते तिच्या यशाचा सर्वांत बोलका पुरावा आहे. ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 च्या चित्रपटामागची प्रेरणाही हीच.

गुन्हेगाराला मोकळे सोडले तर पीडितांना न्याय कुठला, हा आक्षेप रास्त आहे. त्यांचे दुःख हलके लेखू नये. मात्र स्वतंत्रपुरात शिक्षा माफ होत नव्हती, तिचे रूप बदलत होते. शिवाय तिथे निवडक कैदीच पाठवतात. सरसकट प्रत्येकासाठी ही वाट नाही, हे मान्यच. तरीही पडद्यावर या कैद्यांसाठी डोळे पुसणारा समाज प्रत्यक्षात अशा वसाहती वाढवण्याचा आग्रह धरत नाही, ही विसंगती मला अस्वस्थ करते. गजाआड न कोंडता शिक्षा देण्याची वाट आता कायद्यातही आहे: भारतीय न्याय संहितेने 2024 पासून किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षा आणली आहे. तिला लोकांचा पाठिंबा मिळायलाच हवा.